पर्यटनाची पदवी कोणासाठी?

अहिल्यादेवींचे जन्मगाव चोंडी व १७९५ च्या लढाईचे खर्डा, दोन्ही जामखेड तालुक्यातच. पाहुणे येतात, पाहून जातात. येथील भूमिहीन मजूर मात्र दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. अशा घरातील मुलाने पर्यटनाची पदवी घ्यावी, ती शहरी हॉटेलात पाहुण्यांचे सामान उचलण्यासाठीच काय?

याच जामखेडात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने निरक्षर स्त्रियांतून आरोग्यसेविका घडविल्या. ज्ञान गावातच रुजले. पर्यटनाचे शिक्षणही तसेच रुजले पाहिजे. किल्ल्याची राखण, वाटाड्याचे काम, उद्यानांची निगा ही कामे शिकलेल्या स्थानिक तरुणांना कायम वेतनावर, हक्काने मिळाली पाहिजेत. एरव्ही ही पदवी म्हणजे स्थलांतराचा आणखी एक परवाना!