एका गड्याचा विजय

ज्या घरात तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्या घरात खेळाच्या वार्तेवरून नित्य वाद होणे अपरिहार्यच आहे. आजोबांस आपल्या काळचे गडी श्रेष्ठ वाटतात, नातवांस आजचे. आणि मधल्या पिढीचा चहा दोहोंची समजूत घालता घालता निवून जातो. अशा वादात एक प्रश्न हटकून निघतो, तो हा की, आपल्याकडील अत्यंत चुरशीचा अंतिम सामना कोणता? आम्हांस विचाराल तर आम्ही १९४४ साली मुंबईस ब्रेबोर्न स्टेडियमवर झालेल्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्याचे नाव घेऊ. तो आमच्या जन्मापूर्वीचा आहे. परंतु धावफलक हाही एक ग्रंथच असून, सावकाश वाचणारास तो पुष्कळ काही सांगतो.

तरुण वाचकांकरिता प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. मुंबई इलाख्यात १८९२ पासून युरोपियन व पारशी यांचे सामने होऊ लागले. १९०७ मध्ये त्यांत हिंदू आले, म्हणून ते तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमान आले, तेव्हा चौरंगी. आणि १९३७ मध्ये ‘इतर’ या नावाचा पाचवा संघ येऊन ते पंचरंगी ठरले. ख्रिस्ती, ज्यू आदिकरून ज्यांस पहिल्या चार पंक्तींत पान नव्हते, त्यांच्याकरिता ही पाचवी पंगत होती. संघ धर्मावरून ठरावयाचा, ही त्या काळी कोणास विशेष वाटण्याजोगी गोष्ट नव्हती.

या योजनेतील विसंगती १९४३ च्या अंतिम सामन्यात फार ठळकपणे दिसली. सांगलीस जन्मलेला विजय हजारे हा धर्माने ख्रिस्ती. १९३९-४० च्या मोसमात याच हजारेने महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या होत्या. तेथे तो आपला होता. मुंबईच्या मैदानावर उतरताच मात्र तो ‘इतर’ झाला. त्या वर्षी त्याची व विजय मर्चंटची जणू वैयक्तिक शर्यतच लागली होती. हजारेने मुसलमानांविरुद्ध २४८ धावा काढून स्पर्धेतील उच्चांक केला. अंतिम सामन्यात मर्चंटने हिंदूंकडून नाबाद २५० धावा काढून तो मोडला, व हिंदूंनी ५ गडी बाद ५८१ वर डाव सोडला. इतरांचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात त्यांच्या सर्व मिळून ३८७ धावा झाल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या हजारेच्या होत्या. त्याने व त्याचा भाऊ विवेक याने मिळून ३०० धावांची भागी केली, तीत विवेकचा वाटा २१ धावांचा. परंतु त्या एकवीस धावा म्हणजे दुसऱ्या टोकास पाय रोवून उभे राहण्याची तपश्चर्या होय, हे कुटुंबवत्सल वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सामना हिंदूंनी एक डाव व ६१ धावांनी जिंकला. कीर्ती मात्र पराभूताची झाली.

आता १९४४ कडे वळू. त्या वर्षीचा सप्टेंबर महिना आठवावा. मुंबईतच गांधीजी व जिना यांच्या वाटाघाटी होऊन निष्फळ ठरल्या होत्या आणि देशाच्या भवितव्याविषयी घरोघर चिंता पसरली होती. अशा वातावरणात वर्षअखेरीच्या स्पर्धेत अंतिम सामन्यास समोरासमोर आले ते हिंदू व मुसलमान!

हिंदूंचा पहिला डाव २०३ धावांत संपला. मुसलमानांनी २२१ केल्या. अठरा धावांची ती आघाडी अगदीच नाममात्र. हिंदूंनी दुसऱ्या डावात ३१५ धावा जमविल्या. म्हणजे मुसलमानांस विजयाकरिता २९८ धावा हव्या होत्या. पहिल्या तीनही डावांपैकी दोहोंत तितक्या झाल्या नव्हत्या. चौथ्या डावात खेळपट्टी झिजलेली असते, अंगे शिणलेली असतात, आणि प्रत्येक धाव धावफलकावर चढताना उरलेला आकडा डोळ्यांपुढे नाचत असतो. अशा वेळी मुंबईचाच एक तरुण, के. सी. इब्राहिम, सलामीस आला. त्याच्यासमोरून एकामागून एक असे नऊ जोडीदार तंबूत परतले, पण तो हलला नाही. शेवटचा गडी मैदानात असताना २९८ वी धाव झाली, तेव्हा इब्राहिम १३७ धावांवर नाबाद उभा होता. मुसलमानांनी सामना एका गड्याने जिंकला.

येथे शिक्षकी पेशाच्या सवयीने थोडे गणित मांडतो. दोन्ही डाव मिळून हिंदूंच्या धावा ५१८, मुसलमानांच्या ५१९. हजाराहून अधिक धावांच्या त्या झुंजीत उभयतांमध्ये अंतर पडले ते एका धावेचे. तराजूच्या एका पारड्यात तुळशीचे पान पडावे आणि काटा झुकावा, तसाच हा प्रकार झाला.

दूरदेशीही असे घडते. अमेरिकेत बेसबॉल नावाचा चेंडूदांडूचा खेळ लोकप्रिय असून, तेथील वेतनभोगी संघांची सात सामन्यांपर्यंत चालणारी अंतिम मालिका १९०३ पासून होत आली आहे. १९२४ साली वॉशिंग्टन व न्यूयॉर्क या संघांचे प्रत्येकी तीन विजय झाले. सातवा सामनाही नियमित नऊ डावांत सुटेना. तो बाराव्या डावापर्यंत गेला. त्या डावात जमिनीवरून येणारा चेंडू, एका खड्यावर आदळला असे सांगतात, तो अकस्मात उसळून न्यूयॉर्कच्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून गेला, आणि वॉशिंग्टन ४ विरुद्ध ३ असे विजयी झाले. वॉल्टर जॉन्सन हा त्यांचा छत्तीस वर्षांचा नामांकित गोलंदाज त्याच मालिकेत दोन सामने हरला होता. तोच शेवटच्या चार डावांत चेंडू टाकून यशस्वी झाला. तेथे शहर हरले अथवा जिंकले, एवढेच. दुसऱ्या दिवशी हरलेल्या शहरातील कोणासही शेजाऱ्याकडे निराळ्या दृष्टीने पाहण्याचे कारण नव्हते.

आपल्या पंचरंगीत मात्र नेमके हेच भय होते. खेळाडूंत वैर नव्हते. मर्चंट व मुश्ताक अली यांनी १९३६ मध्ये मँचेस्टरला इंग्लंडविरुद्ध सलामीस २०३ धावांची भागी केली होती, दोघांचीही शतके झाली होती. तेच दोघे मुंबईत आले की परस्परविरुद्ध छावण्यांत उभे राहत. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींस वर्ध्याला भेटली, तेव्हा त्यांनी विद्यालये व संस्था यांच्या सामन्यांस अनुमोदन देऊन, धर्मावरून संघ पाडण्यास स्पष्ट विरोध केला होता. तरीही ही स्पर्धा आणखी काही वर्षे चालली आणि १९४६ मध्ये बंद झाली.

‘हिंदू’ म्हणविणाऱ्या संघाच्या आतही सर्वांस एक पंगत नव्हती, हे आपल्या समाजाने विसरता कामा नये. पाळवणकर बाळू हा चर्मकार कुळातील डावखुरा गोलंदाज. पुण्यात इंग्रजांच्या क्लबावर मैदानाची कामे करीत तो शिकला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले, त्या विजयात त्याचा वाटा मोठा. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक गडी बाद केले. परंतु पुण्यात त्याच्या हातचा चेंडू झेलणारे आपलेच लोक त्याला चहा मात्र मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यातून देत. संघाचे नेतृत्व बाळूच्या वाट्यास रीतसर आले नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला ते १९२३ मध्ये मिळाले, आणि त्याने संघास विजयी करून दाखविले. आमच्या आळे गावी ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदविले त्या रेड्याची समाधी आहे. तिच्यापुढे हात जोडताना वाणीचे अथवा हाताचे सामर्थ्य जन्मावरून मोजू नये, हा तिचा अर्थही आपण घरी नेला पाहिजे.

याहून चांगला मार्ग उपलब्ध नव्हता असेही नाही. १९३४ मध्ये सुरू झालेल्या रणजी करंडक स्पर्धेत संघ प्रांतांचे असत. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे ती जिंकली. १९४० साली मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या तेव्हा देवधरांचे वय अठ्ठेचाळीस होते. व्याकरणाच्या जोडीने फळीही चालविता येते, याचे यापेक्षा उत्तम उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आणि इब्राहिमचे पुढे काय झाले? १९४८ च्या नोव्हेंबरात स्वतंत्र भारताचा मायदेशातील पहिला कसोटी सामना दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध झाला. लाला अमरनाथच्या त्या संघात इब्राहिमने पदार्पणातच ८५ धावा काढल्या. विजय हजारेही त्याच संघात होता. चार वर्षांपूर्वी ज्यांस ‘हिंदू’, ‘मुसलमान’, ‘इतर’ अशी लेबले लावली गेली होती, ते आता एकाच धावफलकावर एकाखाली एक लिहिले गेले.

घरातील वडीलमंडळींस आमची विनंती एवढीच की, मुलांस जुन्या सामन्यांच्या गोष्टी सांगताना ‘आपण’ हा शब्द जरा विचारपूर्वक उच्चारावा. १९४४ च्या सामन्याची गोष्ट ‘आपण एका गड्याने हरलो’ अशी सांगता येईल, अथवा ‘आपल्या इब्राहिमने शेवटपर्यंत फळी सोडली नाही’ अशीही सांगता येईल. धावफलक दोन्ही पक्षी तोच राहील. परंतु ऐकणाऱ्या मुलाचा मैदानावरील वर्तनक्रम व पुढे जगातला व्यवहार पुष्कळसा त्या एका शब्दावर अवलंबून राहील, असे आम्हांस वाटते.