अभ्यासक्रमासाठी संप

१९६८च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजचे विद्यार्थी संपावर गेले. कृष्णवर्णीयांचा इतिहास, साहित्य आणि समाजजीवन शिकवणारा स्वतंत्र विभाग हवा, ही त्यांची प्रमुख मागणी. लाठ्या खात, शेकडो अटका झेलत संप मार्च १९६९पर्यंत चालला. विभाग मिळाला, त्याची आखणी करणारे समाजशास्त्रज्ञ नेथन हेअर यांची नोकरी मात्र गेली.

या विषयाच्या अभ्यासाची परंपरा संपाहून जुनी. गुलामीत जन्मलेल्या आईवडिलांचे पुत्र कार्टर वुडसन यांनी १९१२मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली, १९१६मध्ये संशोधन-नियतकालिक काढले, १९२६मध्ये कृष्णवर्णीय इतिहासाचा सप्ताह सुरू केला. गोऱ्यांच्या विद्यापीठांना जाग यायला आणखी चार दशके लागली, हे मला अक्षम्य वाटते.

आपल्याकडेही या विषयाशी नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामीविरोधकांना अर्पण केली. १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागवल्या. इतके जवळचे नाते असलेला हा विषय मराठी वाचकाने मुळातून वाचावा, म्हणून हा अंक. सुरुवात वुडसन यांच्यावरील दीर्घ लेखाने करावी, अशी माझी शिफारस.