वाकडा टाका, कच्चा टाका

मैत्रिणींनो, घरी पाहुणा मुक्कामाला आला की आपण आधी काय करतो? हातची गोधडी आत सरकवतो आणि विकतची चादर बाहेर काढतो. एखाद्या पाहुणीने गोधडीचं कौतुक केलंच, तर लगेच म्हणतो, “कशाची चांगली? टाके किती वाकडेतिकडे पडलेत बघा!” आज या वाकड्या टाक्यांविषयीच थोडं बोलू.

आपलं कामरगाव कारंजा तालुक्यातलं, कापूस-सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातलं. पावसाळाभर निंदण, दिवाळीच्या सुमाराला कापसाची वेचणी, पुढे तुरीची सोंगणी. उन्हाळ्यात जरा सवड मिळते म्हणावं, तर शेवया, कुरडया, पापड आणि लग्नकार्यं उभी असतात. या सगळ्यातून उरलेल्या दुपारी ओसरीवर गोधडी अंथरली जाते. वऱ्हाडात तिला कुणी वाकळ म्हणतं, तर कुणी वाकय.

पूर्वी नऊवारी लुगडं मधोमध विरलं, की विरलेला भाग कापून त्याला दंड घालत आणि पुन्हा नेसत. तेही फाटलं की ते गोधडीत जाई. आत धन्याचं जुनं धोतर, सासऱ्याचा सदरा, लेकीचा परकर. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, हाताने सुरकुत्या काढायच्या आणि कडेपासून धावदोरा घालत आत सरकायचं. घरातल्या सगळ्यांच्या अंगावरचे कपडे एका अंथरुणात जमा होतात.

मग टाका वाकडा का पडतो? हात वाईट म्हणून नव्हे. मधेच बाळ उठलं, दावणीला म्हैस ओरडली, चुलीवरचं वरण उतू गेलं. बाई उठली, परत येऊन बसली, तोवर ओळ चुकली. कधी दोघी जावा एकाच गोधडीला बसतात. एकीचा टाका बारीक, दुसरीचा लांब. पाहणाऱ्याला ही चूक दिसते. खरं तर त्या बाईला किती वेळा उठावं लागलं, त्याची ती नोंद असते.

मात्र एक फरक ध्यानात ठेवा. वाकडा टाका वेगळा आणि कच्चा टाका वेगळा. थरांत सुरकुती राहिली, गाठ सैल मारली, घसरणारं नायलॉन वर लावलं, तर गोधडी टोचते आणि लवकर उसवते. तिथे हयगय नको. सुती कापड वर असू द्या, गाठ पक्की मारा. एवढं सांभाळलं आणि ओळ बोटभर सरकली, तर थंडीला त्याचं काय? ऊब थरांची असते, ओळींची नव्हे.

आपल्याच मुलखातले गाडगेबाबा आठवा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेला हा माणूस चिंध्या जोडलेलं वस्त्र अंगावर घेऊन गावं झाडत फिरला. लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत. त्या ठिगळांनी त्यांचा मान कधी कमी झाला नाही.

दूरदेशी, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबवलेल्या लोकांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायकांनी शेतात घालून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्या घरात थंडी शिरू नये म्हणून. पट्ट्या तिरक्या, चौकोन लहानमोठे. २००२ साली त्याच गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत भिंतींवर लागल्या, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. कापूस पिकवणाऱ्या बायका त्याही आणि आपणही. त्यांच्या तिरक्या पट्ट्या जगाने डोळे भरून पाहिल्या, आणि आपण आपल्या गोधड्या पाहुण्यांपासून लपवतो!

गोधडीचं एक वेळ सोडा. आपण स्वतःलाही असंच वागवतो. भाकरी जरा करपली, मुलाला मार्क कमी पडले, माहेरी जाणं राहिलं, की रात्रभर मनात उसवत बसतो. दिवसभर जे धड पार पडलं, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही आणि आपणही मांडत नाही. मग लेक सुई हातात घेते तेव्हा तिचाही टाका आपण उसवून टाकतो, “नीट कर” म्हणतो. दोनदा असं झालं की ती सुई खाली ठेवते आणि पुन्हा उचलत नाही. तिची पहिली ओळ वाकडी असली तरी राहू द्या. गाठ तेवढी पक्की मारायला शिकवा.

आणि कुणी गोधडी शिवून मागितली, तर नुसत्या दोऱ्याचे पैसे घेऊ नका. किती दुपारी बसलात ते मोजा आणि हाताची मजुरी सांगा. सांगताना मान खाली घालू नका.

शेवटचं एक सांगते. शेतात जन्मभर राबूनही कितीतरी जणींचं नाव सातबाऱ्यावर चढत नाही. या उन्हाळ्यात गोधडी पुरी झाली, की तिच्या एका कोपऱ्यात रंगीत दोऱ्याने आपलं नाव आणि साल घाला. लिहिता येत नसेल तर नातीकडून खडूने काढून घ्या आणि त्यावरून टाका घाला. अक्षर वाकडं आलं तरी चालेल.