फिल्टर कुठंय, विचारा की!

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खात उभं राहिलं, की सिंहगडावरून परतणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या स्टेअरिंगवर बायका दिसतात. बघून बरं वाटतं. पण त्यातली एखादी गाडी बंद पडू दे, बॉनेट उघडू दे, की ती बाई दोन पावलं मागं सरकते आणि आत चार पुरुषांची डोकी जातात. त्यातल्या तिघांना काही कळत नसतं, हा भाग वेगळा!

आपण पुण्याच्या मुली अशा नव्हतो हो. १९७२ मध्ये लूना आली आणि पुढं कितीतरी जणी तिच्यावरून कॉलेजला, नोकरीला जायला लागल्या. लूना बंद पडली, तर रस्त्याच्या कडेला लावायची, पान्यानं प्लग काढायचा, पॉलिशपेपरनं घासायचा, परत बसवायचा. साडीला हात न पुसता हे करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांना कुठल्या वर्गात शिकवलं होतं? कुठंच नाही. प्लग समोर होता, हाताला लागत होता, म्हणून जमलं. जे हाताला लागतं, ते माणूस शिकतं. जे झाकलेलं असतं, त्याला आपण "बाई, ते आपलं काम नाही" म्हणतो.

हे आठवायचं कारण आमच्या जुन्या गाडीचं सर्व्हिसिंग. गाडी देण्याआधी लेकीनं ऑईल फिल्टरच्या डब्यावर मार्करनं बारीक फुली मारून ठेवली. मी हसले. "एवढा संशय बरा नव्हे गं," म्हटलं. गाडी परत आली. बिलात नव्या फिल्टरचे पैसे व्यवस्थित लावलेले. लेकीनं बॉनेट उघडलं तर फुली जागच्या जागी! गॅरेजवाल्याला दाखवली, तर म्हणाला, "चुकून राहिला असेल मॅडम," आणि दहा मिनिटांत बदलून दिला. असेल बाबा चुकून. पण फुली नसती, तर ती चूक कुणाला कळली असती?

खरी गंमत पुढंच आहे. त्या गाडीचा फिल्टर वरून वाकलं की दिसायचा, म्हणून फुली मारता आली. आता घेतलेल्या गाडीचा फिल्टर आहे खाली, इंजिनच्या मागच्या अंगाला, आणि त्याच्याखाली प्लॅस्टिकचा पत्रा. फुली मारायची तरी कशी?

मैत्रिणींनो, ऑईल फिल्टर म्हणजे काय? आपल्या चहाची गाळणी, दुसरं काही नाही. इंजिनमधून फिरणाऱ्या तेलातला कचरा, झिजलेल्या लोखंडाचा कीस तो अडवतो. अर्नेस्ट स्वीटलंड नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १९२३ मध्ये मोटारीसाठी असा फिल्टर काढला. ऑईल बदलायचं म्हणजे खालचा बोल्ट काढून जुनं तेल सोडायचं, फिल्टर बदलायचा, वरून नवं तेल ओतायचं. लहान गाडीला साधारण तीन ते चार लिटर. मग डिपस्टिकवर पातळी बघायची. काम एवढंच. ते सोपं की अवघड, हे ठरतं ती गाळणी कुठं टांगलीय त्यावर.

फिल्टर खाली तोंड वर करून उभा असेल, तर काढताना तेल डब्यातच राहतं आणि नवा बसवताना आधी थोडं तेल भरताही येतं. आडवा असेल, तर सैल केल्याबरोबर तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. त्याच्याखाली लोखंडी आडवी पट्टी असेल, तर तेल तिच्यावर साचून पुढं आठवडाभर ठिबकत राहतं आणि आपल्याला वाटतं गाडी गळतेय. शेजारी सायलेन्सरकडं जाणारा गरम पाइप असेल, तर हात भाजतो, शिवाय त्यावर सांडलेलं तेल धूर करतं. काही गाड्यांत मात्र फिल्टर इंजिनच्या माथ्यावरच बसवतात. सुबारू कंपनीनं २०१० मध्ये आणलेल्या इंजिनात तो असा वर आहे. म्हणजे जमतं की! मनात आणलं तर जमतं.

कंपनीचे इंजिनिअर म्हणतील, जागा कमी, इंजिन आडवं, पुढं रेडिएटर, मागं एक्झॉस्ट, काय काय सांभाळायचं? कबूल. पण स्वयंपाकघर आखणारा माणूस स्वयंपाक करत नसला, की गॅसच्या वरचं कपाट कसं होतं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. इथंही तेच. कारखान्यात गाडी एकदाच जोडतात, फिल्टर मात्र गाडीच्या आयुष्यात कितीदा तरी बदलावा लागतो. बदलणाऱ्याच्या हाताचा विचार आधी व्हायला हवा. आणि ज्याला स्वतः बदलायचा नाही, त्याला निदान बघता तरी यावा. ज्या कामाचे पैसे मी मोजते, ते झालं की नाही हे पाहायला मला लिफ्टवर गाडी चढवावी लागत असेल, तर तो माझा कमीपणा कसा?

म्हणून काय सगळ्यांनी उद्यापासून गाडीखाली झोपायचं का? अजिबात नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कुणीच कधी जाऊ नये, भक्कम स्टँड हवेतच. वॉरंटीतल्या गाडीच्या अटीही आधी वाचाव्यात. करायचंच ठरवलं, तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग निघालीय ना, हे बोटानं चाचपून बघा. ती इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर तेल भळाभळा गळतं आणि इंजिन जातं. नव्याच्या रिंगला तेलाचं बोट लावायचं, हातानंच आवळायचं. लोणच्याच्या बरणीचं झाकण लावणाऱ्या हाताला हे अवघड नाही.

पण माझी खरी काळजी निराळी आहे. काढलेलं काळं तेल टाकायचं कुठं? पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चार धरणं मिळून २९ टीएमसीच्या आसपास पाणी, आणि पुणं पितं ते हेच. धरणाच्या काठावर, ओढ्यालगत गाड्या धुणारी मंडळी आपण पाहतोच. तिथंच कुणी ऑईलही सोडलं तर? अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते, एका गाडीतून एका वेळी निघालेलं तेल दहा लाख गॅलन, म्हणजे जवळजवळ ३८ लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि पुण्यानं पाण्याचा कोप पाहिला. तो लोंढा सगळ्यांना दिसला होता. गटारीतून हळूच जाणारं तेल दिसत नाही, एवढाच फरक.

आपल्याकडं वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. एप्रिल २०२४ पासून ते गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला जावं, ही जबाबदारी तेल तयार करणाऱ्या कंपन्यांवरही आलीय. पण घरी तेल बदलणाऱ्या माणसानं ते द्यायचं कुणाकडं? ऑईलचा डबा विकणाऱ्या प्रत्येक दुकानानं जुनं तेल परत घ्यावं, असं माझं सरळ म्हणणं आहे. रद्दी घरातून उचलतात, मग हे का नाही? तोवर जुन्याच डब्यात भरून, झाकण लावून ओळखीच्या गॅरेजला द्या. मोरीत नको, मातीत नको, झाडाच्या बुंध्याशी तर नकोच नको.

याच खडकवासल्यात एनडीएच्या दारातून २०२२ मध्ये मुली पहिल्यांदा आत गेल्या आणि ३० मे २०२५ ला १७ जणींची पहिली तुकडी बाहेर पडली. मुली रायफल उघडून, साफ करून परत जोडतायत, आणि आपण बॉनेटपासून दोन पावलं मागं! पुढची गाडी घ्यायला जाल तेव्हा रंग, सीट, गाण्याची सोय सगळं बघा. पण त्या सेल्समनला एक प्रश्न जरूर विचारा, "भाऊ, हिचा ऑईल फिल्टर कुठंय? दाखवा बरं." त्याला सांगता आलं नाही तर थांबा, तो कुणाला तरी बोलावून आणेल. दहा जणींनी विचारलं तर तो शिकून ठेवेल. हजारोंनी विचारलं, तर कदाचित फिल्टरच जागा बदलेल.