मेडिकलवर पक्के बिल मागा, तो आपला हक्क आहे

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात, सर्दी-खोकल्याचे औषध घेऊन लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. वीसहून अधिक बालके दगावली. कित्येकांना उपचारासाठी नागपूरला हलवावे लागले. तामिळनाडूत तयार झालेल्या ‘कोल्ड्रिफ’ सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडले. मर्यादा आहे ०.१ टक्का, म्हणजे जवळजवळ पाचशे पट विष! ४ ऑक्टोबरला राज्यात बंदी आली, काही अधिकारी निलंबित झाले, कंपनीचा परवाना रद्द झाला. शासन जागे झाले, पण मुले गेल्यावर.

हे विष आपल्याला अनोळखी नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधील याच भेसळीने १४ रुग्णांचा बळी घेतला होता. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाचा कारभार चव्हाट्यावर आणला. त्याला चाळीस वर्षे होत आली, तरी तेच रसायन पुन्हा बाटलीत येते, याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, विष कारखान्यात मिसळले, त्यात गल्लीतल्या मेडिकलवाल्याचा काय दोष? बरोबर आहे. बाटलीत काय आहे हे त्याला नुसते पाहून कळणार नाही. पण एखादी बॅच परत मागवण्याचा आदेश निघतो तेव्हा ती कोणाकोणाच्या घरी गेली, हे दुसरे कोण सांगणार? ते फक्त त्याच्या बिलबुकावरून कळते. बिलच फाडले नसेल, तर अर्धी वापरलेली बाटली कोणाच्या तरी कपाटात तशीच राहते आणि पुढच्या खोकल्याला बाहेर निघते. म्हणून बिल हा आमच्या मते केवळ हिशेबाचा कागद नाही.

इंदूरच्या दवा बाजारातून माल उचलून राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगरपर्यंत लहान दुकाने चालतात. त्यातले बरेच दुकानदार भले लोक आहेत, रात्री-अपरात्री शटर उघडून औषध देतात. सवलतीच्या पाट्यांच्या चढाओढीत त्यांचीही ओढाताण होते, हे आम्ही जाणतो. तपासणीच्या नावाखाली त्यांना छळावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु काही गोष्टींत तडजोड चालणार नाही.

पहिली गोष्ट फार्मासिस्टची. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. प्रत्यक्षात प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस भलतीकडेच, हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. इथे थोडे आपल्या घरातही पाहावे. आपली मुले-मुली फार्मसी शिकतात आणि महिन्याच्या चार पैशांसाठी प्रमाणपत्र भाड्याने देतात. पालकांनी हे थांबवावे.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. ठरावीक प्रतिजैविके, क्षयरोगाची आणि झोपेची औषधे एच-१ यादीत आहेत. ती देताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची, असा नियम आहे. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. तरीही “बाळाला खोकला आहे, काहीतरी द्या” असे म्हणत आपणच काउंटरवर उभे राहतो, तेव्हा नियम कोण मोडायला लावतो?

तिसरी गोष्ट साठवणुकीची. इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंश तापमानात राहिल्या पाहिजेत. मे महिन्यात वीज गेल्यावर दुकानातला फ्रीज कशावर चालतो, हे विचारण्यात संकोच कसला? गोळ्यांचे पाकीट कापून घेताना बॅच आणि मुदत छापलेला भाग आपल्याकडे येईल असे पाहावे, नाहीतर दोन्ही बिलावर लिहून घ्यावे.

आता शासनाकडे. दर महिन्याला केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर्जाहीन औषधांची यादी काढते. ती यादी हिंदीत, वॉर्डनिहाय, प्रत्येक मेडिकलवर लागावी. जिल्ह्यात औषध निरीक्षक किती, त्यांनी वर्षात किती नमुने घेतले आणि अहवाल किती दिवसांत आले, हे जाहीर व्हावे. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या वस्तीत हाच प्रश्न पहिला विचारला जावा.

एक हक्क मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार कोणीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संस्था ठरलेली फी भरून औषधाचा नमुना शासकीय विश्लेषकाकडे तपासणीला देऊ शकते. एकट्याला हे जड जाईल, मंडळाला नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून दरवर्षी आपल्या भागातील काही नमुने तपासून घ्यावेत आणि अहवाल याच पत्रिकेत छापावा, असा आमचा कार्यकारिणीला आग्रह आहे.

तोवर प्रत्येकाने निदान एवढे करावे: औषध घेतले की बिल घ्यावे आणि बाटली संपेपर्यंत ते जपून ठेवावे.