घाटातली भुते आणि थकलेली मजुरी

खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवर पावसाळ्यात लोटणारी गर्दी धुके, धबधबे आणि भाजलेली कणसे यांवर तृप्त होऊन परतते. समोर श्रीवर्धन-मनरंजन हे जोड बालेकिल्ले आणि पायाशी बोरघाटाची दरी असताना आणखी कशाची अपेक्षा कोणी का करावी? परंतु अंधार पडला की हाच घाट निराळा होतो. बोगद्याच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या आकृती, वळणावर हात दाखवून नाहीशी होणारी बाई, अशा कथा घाट उतरणारे एकमेकांना सांगत असतात. जुन्या महामार्गावरील शिंग्रोबाच्या देवळापुढे चालत्या गाडीतून नाणे टाकणारे चालक तर आजही आढळतात. शिंग्रोबा हा धनगर. साहेबाला न सापडणारी घाटवाट त्याने दाखविली आणि इनामाऐवजी त्याच्या वाट्याला गोळी आली, अशी आख्यायिका आहे.

तिला कागदोपत्री आधार किती, हा प्रश्न येथे गौण होय. सुशिक्षितांनी अशा कथा अंधश्रद्धा म्हणून झिडकाराव्यात आणि पर्यटन व्यावसायिकांनी त्यांचा बाजार मांडावा, या दोन्ही प्रवृत्ती सारख्याच उथळ आहेत. कारण या घाटात माणसे खरोखरीच मेली. १८५६ ते १८६३ या काळात २५ बोगदे खोदून, ३७ फुटांस एक फूट अशा चढाने रेल्वे वर नेण्यात आली. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांवर मजूर येथे राबत होते. पटकी, ताप, सुरुंग आणि कडे यांनी घेतलेल्या बळींचा इतिहासकारांचा एक अंदाज पंचवीस हजारांच्या घरात जातो. खोदलेल्या खडकाचे घनयार्ड नोंदले गेले. मेलेल्या माणसांचा मात्र अंदाजच करावा लागतो!

या विषमतेचे अर्थकारणही ध्यानात घेण्याजोगे आहे. १८४९ च्या करारान्वये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भांडवलावर पाच टक्के परतावा सरकारने हमीने दिला होता. तूट आली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघे. मजुरीला अशी हमी नव्हती. ती थकली म्हणून जानेवारी १८५९ मध्ये घाटात मजुरांचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल अल्पावधीतच मरण पावला, तेव्हा त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, कंत्राट पुरे करवून घेतले. या बाईंचे कर्तृत्व निःसंशय मोठे. परंतु तेथे मेलेल्या कंत्राटदाराचे नाव इतिहासाला ठाऊक आहे आणि मजुरांपैकी लोकांनी जपलेले नाव एकच, तेही आख्यायिकेतले.

मध्य रेल्वे आणि राज्याचे पर्यटन खाते यांनी एकत्र येऊन या मजुरांची नोंद राजमाची पॉइंटच्या कठड्याशीच, ठळक मराठीत करावी. कामाची वर्षे, मजुरांची संख्या, मृत्यूंचा अंदाज आणि १८५९ मधील थकलेल्या मजुरीची हकीकत, एवढा मजकूर पुरेसा आहे. मात्र तो एखाद्या संग्रहालयाच्या दालनात नेऊन ठेवू नये. कणीस हातात घेऊन दरीकडे पाहणाऱ्याला तो तेथेच वाचता आला पाहिजे.