माग, मजूर आणि गिटार



सन २०२५ च्या जानेवारी महिन्यात ‘कोल्डप्ले’ नामक इंग्रज वादकसंचाने नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादेत दोन कार्यक्रम केले. अहमदाबादच्या विशाल क्रीडांगणावर २५ व २६ तारखेस प्रतिदिनी लाखाहून अधिक श्रोते लोटले. आमचे सुरत या दोन शहरांच्या मधल्या लोहमार्गावर वसलेले. त्यामुळे धर्मग्रामातील काही तरुण मंडळी दक्षिणेस गेली, काही उत्तरेस गेली, आणि ज्यांच्या खिशाला ते तिकीट पेलण्यासारखे नव्हते त्यांनी प्रजासत्ताकदिनी तो सोहळा मोबाईलच्या पडद्यावर पाहिला. त्या दिवशी रविवार होता, आणि मिस्सेच्या गायकवृंदात नेहमीचे दोन खर्जातील आवाज ऐकू आले नाहीत, एवढेच मी येथे नमूद करतो. नावे सांगत नाही.

या मंडळींचा ‘मून म्युझिक’ हा गीतसंग्रह २०२४ च्या ऑक्टोबरात निघाला. मी तो दोनदा लक्षपूर्वक ऐकला. सूर गोड आहेत, हेतू निर्मळ आहे, परंतु साखर पाण्यात विरघळून जावी तसे ते संगीत कानांतून विरघळून जाते; मागे खडा राहत नाही. मला अधिक कुतूहल वाटले ते त्याच्या तबकडीचे. ती प्लास्टिकच्या जुन्या बाटल्या वितळवून केलेली आहे. एका तबकडीस नऊ बाटल्या, असा हिशेब तिच्या कर्त्यांनी दिला आहे. पाण्याची ती बाटली आणि सुरतेच्या साडीतील पॉलिएस्टरचा धागा ही रसायनदृष्ट्या सख्खी भावंडे होत. म्हणजे ज्या द्रव्यावर या शहरातील लक्षावधी कुटुंबांची चूल पेटते, त्याच द्रव्यावर आता इंग्रजांचे गाणे कोरले जाते!

परंतु या आठवड्याचा माझा विषय कोल्डप्ले नव्हे. पांडेसरा भागात यंत्रमागावर काम करणाऱ्या, खानदेशातून वीस-बावीस वर्षांपूर्वी येथे आलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलेला प्रश्न, हा माझा विषय आहे. त्यांचा मुलगा कापडबाजारात साड्यांच्या घड्या घालण्याचे काम करतो. त्याने पगारातून पैसे साठवून गिटार घेतली, ती शिकला, आणि आता स्वतः रचलेली तीन गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी त्यास बापाकडून उसने पैसे हवे आहेत. “फादर, पोरगा म्हणतो, मी ‘इंडी’ करणार. हे इंडी म्हणजे काय, आणि त्याने पोट भरते काय?” प्रश्न दोन आहेत, आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. मोठ्या कंपनीच्या दारी न जाता, कलावंताने स्वतःच्या किंवा मित्रांच्या पैशाने काढलेले संगीत ते ‘इंडिपेंडंट’, म्हणजे स्वतंत्र. त्याचेच लाडके रूप ‘इंडी’. या प्रथेचा एक ठळक आरंभ इंग्लंडातील मँचेस्टर शहरी झाला. होय, तेच मँचेस्टर, ज्याच्या गिरण्यांच्या कापडाने एके काळी आपल्या विणकरांच्या पोटावर पाय दिला. तेथील ‘बझकॉक्स’ नावाच्या चार पोरांनी सुमारे ५०० पौंड उसने घेऊन चार गाण्यांची एक छोटी तबकडी मुद्रित केली आणि १९७७ च्या जानेवारीत ती स्वतःच विकावयास काढली. प्रथम हजार प्रती छापल्या होत्या. पुढे त्या कित्येक हजारांनी खपल्या. ते उसने पैसे घरच्यांकडून व स्नेह्यांकडून आले होते, हे त्या पांडेसऱ्याच्या गृहस्थांस मी मुद्दाम सांगितले.

आपल्याकडील आरंभ याहून रंजक आहे. १९७० व १९७१ साली मुंबईत देशभरच्या रॉक वादकसंचांची स्पर्धा भरे, आणि तिचा यजमान होता एक सिगारेटचा कारखाना! ‘सिमला’ हे त्या सिगारेटचे नाव, म्हणून स्पर्धाही ‘सिमला बीट’. निवडक संचांच्या दोन तबकड्या निघाल्या आणि पुढे सारे शांत झाले. ध्वनिमुद्रणाचा धंदा चित्रपटगीतांनी व्यापलेला. तेथे इंग्रजी ढंगाने गाणाऱ्या पोरांस कोण विचारतो? पुढे कॅसेट आली, खर्च उतरला, आणि १९८४ साली गोव्यातील शिवोली गावच्या रेमो फर्नांडिस यांनी राहत्या घरी, कॅसेटच्या यंत्रावर, सर्व वाद्ये एकट्याने वाजवून ‘गोअन क्रेझी’ हा संग्रह तयार केला. मुद्रक तेच, गायक तेच आणि विक्रेतेही तेच. स्कूटरवर कॅसेटी लादून ते दुकानोदुकानी फिरत. शिक्षणाने हे गृहस्थ वास्तुविशारद. गावच्या गमती, गावची माणसे, गावचा राग, हे सर्व त्यांनी इंग्रजी रॉकच्या ठेक्यावर गायिले. दोनच वर्षांनी मादक पदार्थांच्या विरोधातील त्यांचा ‘पॅक दॅट स्मॅक’ हा संग्रह निघाला, तेव्हा देशभर त्यांचे नाव झाले होते. २००७ साली त्यांस पद्मश्री मिळाली. माझ्या मते भारतातील स्वतंत्र संगीताचा खरा पाठ हाच आहे. स्कूटर हवी, आणि ती स्वतः चालविण्याची तयारी हवी.

आता दुसरा प्रश्न, पोटाचा. येथे मी गोड बोलणार नाही. आज गाणे जगापुढे ठेवण्यास स्कूटरचीही गरज नाही. काही शे रुपयांत ते स्पॉटिफायवर चढते. परंतु २०२४ पासून त्या कंपनीचा नियम असा आहे की, मागील बारा महिन्यांत एखादे गाणे हजार वेळा वाजले नाही, तर त्याबद्दल एक कवडीही मिळत नाही. हजाराच्या वर गेले तरी प्रत्येक वेळेचे मोल पैशांतच मोजावे लागते. ‘बँडकॅम्प’ म्हणून दुसरी एक पेढी आहे. तेथे श्रोता गाणे विकत घेतो, आणि पेढी शंभरातील पंधरा रुपये स्वतःस ठेवून, भरणा-खर्च वजा जाता, उरलेले कलावंतास देते. नीती चांगली, पण आपल्या देशात गाणे विकत घेणारा श्रोता किती? तेव्हा मुलाने घड्यांचे काम सोडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे, आणि मी ते त्याच्या तोंडावर सांगितले. तो हसून म्हणाला, “फादर, सोडतो कोण? गाणं त्या कामातूनच येतं.”

या एका वाक्याने मला बर्मिंगहॅमची आठवण झाली. आमच्या जुन्या मंडळींस ‘ब्लॅक सॅबथ’ हे नाव उच्चारताच क्रुसाची खूण करावीशी वाटते. नाव भयंकर आहे खरे. परंतु हे चौघे कोण होते? बर्मिंगहॅमच्या अॅस्टन वस्तीतील कामगारांची मुले. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी हा १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीचा तो शेवटचा दिवस. दुपारी जेवावयास घरी आला तो परत न जाण्याच्या विचाराने. आईने समजावले, अर्धा दिवस कशास बुडवतोस, जा. गेला. एका गैरहजर कामगाराच्या जागी त्यास अनोळखी यंत्रावर बसविण्यात आले, आणि त्या यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे तोडली. तो डावखुरा, गिटारच्या तारा दाबण्याचा हात तोच! आता वाजविणे संपले, असे त्यास वाटले. तेव्हा कारखान्यातील त्याच्या मुकादमाने त्यास जँगो राइनहार्ट यांची तबकडी आणून दिली. आगीत हात भाजल्यामुळे दोनच बोटांनी सूर धरणारा तो थोर जिप्सी वादक. मुलाने भांडी धुण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटविले, बारीक तारा चढविल्या, आणि पुढे ताराच सैल केल्या, म्हणजे दुखऱ्या बोटांस जोर कमी पडावा. तारा सैल झाल्या तसा सूर खाली उतरला, जड झाला, गंभीर झाला. ज्यास ‘हेवी मेटल’ म्हणतात त्या संगीताचा तो गंभीर घोष एका कामगाराच्या तुटलेल्या बोटांतून निघाला आहे.

सुरतेत हे वाचताना आपणांस वेगळे सांगावयास नको. पट्ट्यात, रुळात बोटे गेलेले हात आमच्या वस्त्यांतून पुष्कळ दिसतात. प्रसादासाठी पुढे येतात तेव्हा मी ते जवळून पाहतो. मागाच्या खात्यात दोन माणसांस ओरडल्यावाचून बोलता येत नाही, आणि बारा तासांच्या पाळीनंतर घरी आलेल्या मनुष्याच्या कानांत तो ठोका रात्रभर चालूच असतो. अशा घरातील मुलास मोठ्या आवाजाचे संगीत प्रिय झाले, तर त्यात बिघडलेपण कोठले? तो आवाज त्याच्या ओळखीचा आहे, आणि गिटार हाती घेतल्यावर तो प्रथमच त्याच्या हुकमतीत येतो.

सॅबथबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, कारण आक्षेप नेहमी तेथेच येतो. त्यांच्या गळ्यातील ते क्रूस गायक ऑझी ऑसबर्न यांच्या अवजारे घडविणाऱ्या वडिलांनी कारखान्यात करून दिले होते. गीझर बटलर, ज्याने बहुतेक गीते लिहिली, तो आयरिश कॅथॉलिक घरात वाढलेला. भीतीविषयी, युद्धाविषयी, मरणानंतर काय याविषयी त्यांनी गायिले. भीतीविषयी गाणे म्हणजे सैतानाची पूजा नव्हे. ५ जुलै २०२५ रोजी हे चौघे पुन्हा आपल्याच वस्तीतील व्हिला पार्क क्रीडांगणावर उभे राहिले. ऑझीस उभे राहवेना, तेव्हा त्यांनी आसनावर बसून गायिले, आणि २२ जुलैस ते निवर्तले. गल्लीतील लोकांनी फुले टाकली. आपल्या माणसास निरोप असाच देतात.

ज्यांस नवे ऐकावयाचे आहे त्यांच्यासाठी थोडेसे. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ संचाचा ‘न्यू दिल्ली’ हा संग्रह २०२५ च्या मार्चात आला. ढोल आणि जड गिटार यांची त्यांनी लावलेली गाठ पक्की आहे. मात्र सलग ऐकण्यास छाती हवी, मी मध्ये चहा घेतला. दिल्लीच्याच ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’चा ‘बीटा’ २०२४ च्या ऑगस्टातला. पितळी वाद्ये, डुलता ठेका, जुन्या गायकांसारखा मखमली गळा. वसई-वांद्र्याच्या लग्नात ज्यांनी जुना बँड ऐकला आहे, त्यांस हे परके वाटणार नाही. या दोहोंत माझे मत दुसऱ्यास.

आणि ज्यांनी ‘इंडियन ओशन’ अजून ऐकला नसेल त्यांनी तेथूनच आरंभ करावा. त्यांचा २००० सालचा ‘कंदिसा’ हा संग्रह नवा नाही, तथापि त्यापुढे नवे बहुतेक फिके पडते. नावाचे गीत म्हणजे केरळातील सुरियानी चर्चमधील प्राचीन स्तोत्र आहे. भाषा सिरियाक, म्हणजे प्रभूच्या मातृभाषेची, आरामाईकची, बोली. त्याच संग्रहात आपल्या शेजारच्या नर्मदेचे लोकगीतही आहे. या संचाने २०१० साली आपली नवी गाणी दरमहा एक याप्रमाणे विनामूल्य वाटली होती, आणि २०२३ साली ‘तू है’ हा संग्रह काढला; वय झाले तरी सूर थकलेला नाही.

मराठीत काय? मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा तरुणांचा संच संतांचे अभंग गिटार, बास आणि ड्रम यांच्या साथीने गातो. काही सनातन्यांस ते रुचत नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली राचोलास ख्रिस्तपुराण छापविले ते ओवीतच. पात्र एकाचे, अमृत दुसऱ्याचे, ही रीत आपणांस चारशे वर्षांची सवयीची आहे, तेव्हा आपण तरी कुरकुर करू नये. माझी तक्रार निराळी आहे. मराठी मुले नवे वाजवितात, पण नवे लिहीत नाहीत. जुन्या अभंगास नवे वाद्य मिळते. नव्या दुःखास मात्र शब्द मिळत नाहीत.

आमच्या लिंबायत-उधन्यात ज्यास खरोखर स्वतंत्र म्हणावे असे संगीत कोणते चालते, ठाऊक आहे काय? अहिराणी! खानदेशातील पोरे गावातच गाणे रचतात, शेतात चित्रण करतात, यूट्यूबवर टाकतात, आणि ते सुरतेच्या प्रत्येक वरातीत वाजते. कोणत्याही मोठ्या कंपनीचा त्यास हात लागलेला नसतो. विषय बहुधा झुमका, पोरगी आणि हळद. त्यापलीकडे गाडी क्वचित जाते. पण मार्ग तयार आहे, श्रोते तयार आहेत.

त्या मुलाने मला तीन गाणी ऐकविली. दोन हिंदी होती, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर ती कोणाचीही असू शकली असती. तिसरे अहिराणीत होते. रात्रपाळीहून परतणारा बाप, दारात चप्पल काढताना आवाज होऊ नये म्हणून ती हातात धरणारा. आणि जागा असूनही डोळे मिटून पडलेला मुलगा. ठेका मागाचा होता, खट् खट् असा, मधे एक सूर चुकलेला. तो चुकलेला सूर ठेवावा की काढावा, असे त्याने विचारले. ठेवावा, असे मी म्हणालो.

बापाने ते गाणे अजून ऐकलेले नाही. मुलास धीर होत नाही. तिन्ही गाण्यांऐवजी ते एकच मुद्रित करावे, म्हणजे खर्च तिसऱ्या हिश्शावर येईल, असे मी दोघांसही वेगवेगळे सुचविले आहे. निम्मे पैसे मुलाजवळ आहेत. उरलेल्यांबद्दल बापाने दिवाळीच्या बोनसानंतर पाहू, असे उत्तर दिले. आणि जाता जाता विचारले की, गाणे कशाविषयी आहे. मी म्हणालो, तुम्हीच त्यास विचारा.